पाळणाघरातल्या मावश्यांना सणाला काय द्यावं? (माणसं पाच, बजेट दीड हजार)

पर्वरीची_आई
नमस्कार मंडळी. लेक अडीच वर्षांची आहे, जूनपासून गोव्यात पर्वरीतल्या एका पाळणाघरात जाते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे जागेपणीचा बहुतेक दिवस तिथेच. मुलांना सांभाळायला चौघी आहेत आणि स्वयंपाकाला एक बाई. दिवाळी तोंडावर आली, मागोमाग नाताळ. पाचही जणींना काहीतरी द्यायची मनापासून इच्छा आहे. पण घराचा हप्ता आणि पाळणाघराची फी गेल्यावर जे उरतं त्यात पंधराशेच्या वर जाता येणार नाही. म्हणजे डोईला तीनशे.

अडचणी दोन आहेत. पाच जणींचे सण वेगळे. दोघी पेडण्याच्या, एक आंटी शिवोलीची, ती नाताळ करते, एक बेळगावकडची, आणि स्वयंपाकाच्या बाई ईद करतात. मग दिवाळीला सगळ्यांना द्यायचं, की ज्याला त्याला आपापल्या सणाला? दुसरं म्हणजे, तीनशेत असं काय येतं जे त्या घरी नेऊन पुढच्या माणसाच्या गळ्यात मारणार नाहीत? मिठाईचा पुडा नको वाटतो. नवरा म्हणतो कॉफीचे मग दे. मला ते पटत नाहीये, पण कारण सांगता येत नाहीये.

फोंडा_फास्ट
पाकीट. ३०१ रुपये. विषय संपला.

कोरा_चहा
फास्ट, तुम्ही नावाला जागलात. :)
पण मला पैशांचं जरा खटकतं. आमच्या पोराला ज्या मावशी सांभाळायच्या त्यांना मी पहिल्या वर्षी पाकीट दिलं, तर त्यांनी इतकं संकोचून घेतलं की मलाच कसंतरी झालं. वस्तू दिली की "तुमच्यासाठी निवडून आणलं" असं तरी होतं. पैसे म्हणजे पगाराचाच एक तुकडा वाटतो.

फोंडा_फास्ट
संकोचून घेतलं, पण घेतलं ना? संकोच दोन मिनिटं टिकतो. तुमच्या वस्तूवरची धूळ पुढच्या गणेश चवथीपर्यंत टिकते.

खतखतें
सोनपापडी सोडून काहीही. आमच्या कॉलनीत एक निळा डबा आहे, मला दाट संशय आहे की तो तीन दिवाळ्यांपासून फिरतोय. त्याच्या कोपऱ्यावर पोचा आहे, त्यामुळे ओळखू येतो.

मडगांवचो_पाव
@खतखतें तो डबा बहुतेक आमच्याकडून निघाला होता. परत पाठवू नका.

सासष्टीकार
बेबिंक द्या की! आपल्या मातीतली थराथरांची गोड वस्तू, छोटा तुकडा तीनशेच्या आत बसतो, आणि २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर भावही खाते. नाताळची आंटी खूश होईल.

कारिटाचो_वेल
सासष्टीकार, आंटी होईल खूश, बाकीच्यांचं काय? बेबिंकात अंड्यांचे बलक असतात, ते सुद्धा भरपूर. पेडण्याच्या मावशींचा सोमवार असेल, बेळगावच्या बाई मुळातच अंडं खात नसतील. आमच्या ऑफिसात एकाने हौसेने सगळ्यांना बेबिंक वाटलं. दोघांनी ते न उघडताच शेजारच्या टेबलावर सरकवलं, आणि वाटणारा दिवसभर "का, आवडलं नाही?" विचारत फिरत होता.
नाताळच्या ताटातलंच द्यायचं असेल तर दोदोल द्या. माडाचा गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, अंडं नाही. पेराद, म्हणजे पेरूची वडी, पण चालेल. दोन्ही टिकतात.

सासष्टीकार
दोदोल म्हणजे दाताला परीक्षा. पण मुद्दा मान्य.

अवांतर_स्पेशालिस्ट
बेबिंकाचे थर सात की सोळा? एकदाचं सांगून टाका.

सासष्टीकार
घरी करणाऱ्याचा धीर संपेल तितके. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, वर मध्ये मध्ये तुपाचा हात. आमची आजी सातावर थांबायची आणि म्हणायची, जास्त खाऊन काय पोटात मोजणार आहात?

हिशेबनीस
थोडं कोरडं बोलतो. सणाला काहीतरी देणं ही मुळात मालकाची जबाबदारी आहे. बोनसचा नियम १९६५ च्या कायद्यापासून वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो, नव्या वेतन संहितेतही अट तीच. किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण वर्षाला एक पगार. आता गोव्यातल्या कोणत्या गल्लीतल्या पाळणाघरात वीस माणसं असतात? पाच-सहा असतात. म्हणजे या बायका कायद्याच्या जाळीतून खाली पडतात. मालकीणबाईंनी मनाने दिलं तर दिलं. म्हणून पालकांचं पाकीट हे त्यांच्यासाठी भेट कमी आणि बोनस जास्त असतं. त्या नजरेने पाहिलं की "पैसे कसे द्यायचे" हा संकोच उरत नाही.

कोरा_चहा
हे मी असं पाहिलं नव्हतं. तरी सोबत काहीतरी हातात द्यावंसं वाटतंच.

वेर्णा_शिफ्ट
आमच्याकडचं उलट. कंपनीत पन्नासच्या वर माणसं, म्हणून मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर कंपनीचंच पाळणाघर आहे. आई दिवसातून चार वेळा जाऊन बघू शकते, मी आपला बाप असून जातो, कोणी अडवत नाही. पण सांभाळणाऱ्या बायका ठेकेदाराच्या, आणि कंपनीचा नियम असा की त्यांना रोख नाही, कुपन नाही, वस्तू नाही. कारण काय, तर "हितसंबंध". दोन हजार रुपयांच्या ठेकेदारी बाईशी माझे काय हितसंबंध असणार, एक जास्तीची लंगोट?
मग आम्ही दहा-बारा पालकांनी वाट काढली. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारचं जेवण आम्ही आणलं, मुलं आमच्यापैकी चौघांनी सांभाळली, आणि त्या सगळ्या जणी एकत्र बसून गरम जेवल्या. एकीने सांगितलं की नोकरीला लागल्यापासून सगळ्या एका वेळी जेवायला बसल्या असं पहिल्यांदाच झालं. तेवढ्या पाऊण तासात आमची मात्र दाणादाण उडाली. एका साहेबांच्या शर्टावर वरणभात होता आणि ते तसेच मीटिंगला गेले.

सत्तरीकर
"दोन हजार रुपयांच्या ठेकेदारी बाई"? पगार इतका कमी नसेल हो.

वेर्णा_शिफ्ट
रागात लिहिलं, आकडा शब्दशः घेऊ नका. पण फार वरही नाही.

शांतादुर्गा_प्रसन्न
मी दरवर्षी काजू देते. ओळखीत डिचोलीला कारखाना आहे. अख्खा मोठा काजू घेतला तर तीनशेत पाव किलोच्या आसपास हाती येतो. त्याऐवजी पाकळी घ्या, चव तीच, पैसे बरेच कमी. घरी वाटपात, खिरीत, नेवऱ्यांत (करंज्यांत) पाकळीच लागते. फक्त गावठी आहे ना हे विचारून घ्या, आता बाहेरून आलेली बी फोडूनही "गोव्याचे काजू" म्हणून विकतात. टिकतो, अंडं नाही, कोणत्याही धर्माला चालतो.

मडगांवचो_पाव
काजूला +१. आणि काजू पुढे सरकवले तरी घेणारा रागावत नाही.

अबोलीचा_वळेसार
वाचत होते, आता लिहितेच. मी लग्नाआधी म्हापशाजवळच्या एका पाळणाघरात काम केलंय, बरीच वर्षं. तेव्हा आतल्या बाजूचं सांगते, जमलं तर उपयोग करा.

मग देऊ नका. पर्वरीची_आई, तुम्हाला कारण सांगता येत नव्हतं ना, ते असं की प्रत्येक घराला मगच सुचतात. माझ्या आईने त्यात कोथिंबीर लावली होती. एकीने सुगंधी मेणबत्ती दिली होती, ती पावसात लाईट गेल्यावर लावली, तर खोलीभर व्हॅनिलाचा वास आणि बाबा विचारतोय केक कुठेय.

बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश नको. आमच्याकडे हातात काचेचं काही घालायला बंदी होती, नखं बोटाच्या टोकाच्या वर आलेली दिसली तर मॅडम कात्री हातात द्यायच्या. लहान पोराचा गाल ओरखडतो म्हणून. गळ्यातलं सुद्धा पोरं ओढून तोडतात, मंगळसूत्र सगळ्या जणी आत सरकवून पिन लावायच्या. म्हणजे दागिना दिला तर रविवारीच घालता येणार.

कापड देणार असाल तर शिलाईचा विचार करा. तीनशेचा ड्रेसपीस आणि त्याची शिलाई त्याहून जास्त. माझ्याकडे न शिवलेली कापडं इतकी साठली होती की बहिणीच्या लग्नात अहेर म्हणून गेली.

उपयोगी पडलेलं सांगते. हातांना लावायचं क्रीम. हसू नका. दिवसभरात पोराचे धुवायचे, मग हात साबणाने धुवायचे, मग परत दुसऱ्याचे. डिसेंबर-जानेवारीत बोटांच्या सांध्यांवर चिरा पडायच्या, मीठ-मसाला लागला की डोळ्यांत पाणी. एका ताईंनी मोठी बाटली आणून बेसिनजवळ ठेवली, "सगळ्यांसाठी" म्हणाल्या. नाव आठवत नाही त्यांचं, पण त्यांच्या मुलाचं आठवतं.
दुसरं, गरम राहणारा डबा. मुलं झोपल्यावर आम्ही जेवायचो, तोवर दीड-दोन वाजायचे आणि भात गारढोण. तो तीनशेत येत नाही, पण दोन घरांनी मिळून दिला तर येतो.
छत्री. पण दिवाळीला देऊ नका, चवथीच्या आधी द्या. जूनमध्ये घेतलेली स्वस्तातली छत्री भाद्रपदापर्यंत एक तरी काडी मोडून घेते.

आणि पैसे. आवडायचे. पहिल्यांदा घेताना लाज वाटते, ती खोटी असते. पण द्यायचे तर सणाच्या आधी द्या, वसुबारसेच्या आसपास. पाडव्याला दिलेल्या पैशांनी त्या दिवाळीची खरेदी होत नाही. आणि सगळ्यांसमोर नको, आणि "बघून घ्या" म्हणत तर मुळीच नको.

पर्वरीची_आई
@अबोलीचा_वळेसार तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. मगांचा विषय त्याने स्वतःच मागे घेतला.

कोरा_चहा
हातांच्या चिरांचं वाचून गप्प बसले. असं डोक्यातच येत नाही.

चार_भिंती
मी दुसऱ्या बाजूची आहे, डिचोली तालुक्यात छोटं पाळणाघर चालवते. शिव्या घालायच्या आधी ऐकून घ्या. माझ्याकडे पालकांनी एकेकट्या बाईला काही द्यायचं नाही असा नियम आहे. कारण दोन पालक भरपूर देणारे असतात आणि बाकीच्यांना जमत नाही. मग देणाऱ्यांच्या पोराला आधी भरवलं जातं असा संशय इतरांना येतो. संशय खोटा असतो, माझ्या बायका तशा नाहीत, पण तो एकदा आला की जात नाही. आणि पालकांनाही दडपण. एकीने तर फी भरताना विचारलं, "दिवाळीचं वेगळं किती ठेवायचं?"
म्हणून मी एक डबा ठेवते. ज्याला जे टाकायचं ते नाव न लिहिता टाकावं. धनत्रयोदशीच्या आधी उघडतो, सगळ्यांसमोर मोजतो, सारखे भाग करतो. झाडूपोछा करणाऱ्या बाईलाही तेवढाच भाग.

हिशेबनीस
पद्धत चांगली आहे. एकच विचारतो, त्या डब्याच्या जोरावर तुमच्याकडून जायचं ते कमी होत नाही ना?

चार_भिंती
बोनस म्हणून अर्धा पगार मी देते, डब्याशी संबंध नाही. प्रश्न रास्त आहे, राग नाही.

अबोलीचा_वळेसार
@चार_भिंती तुमच्याकडे असेल तसं, चांगलंच आहे. आमच्याकडे पालकांचे पैसे मॅडमकडे जमा व्हायचे आणि आम्हाला मिळायचे ते डबे. किती जमले ते आम्हाला कधीच कळलं नाही. म्हणून माझं मत, डबा असेल तर उघडताना त्या बायका समोर हव्यात. तुम्ही ते करता, म्हणून तुम्हाला नमस्कार.

दोडामार्ग_लाल_डबा
"सारखे भाग" वरून. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात गेल्या वर्षी यावरून रण माजलं. एक ताई म्हणाल्या, मुलाला शिकवते ती टीचर, तिला पाचशे, आणि साफसफाईवालीला शंभर. दुसऱ्या म्हणाल्या, माझा मुलगा टीचरचं नाव घेत नाही, साफसफाईवाल्या मावशींचं घेतो, कारण उलटी झाली की त्याच धावतात. शेवटी सारखेच दिले. पण गटात कोणी किती दिले त्याची यादी एका उत्साही गृहस्थांनी टाकली, आणि त्या यादीने जे बिघडलं ते अजून सुधारलेलं नाही. पैसे गोळा करा, यादी टाकू नका.

खतखतें
यादी टाकणारे गृहस्थ प्रत्येक गटात एक असतातच. सोसायटीच्या गणपतीतही तेच. पावत्यांचे फोटो, त्यावर लाल पेनाने खुणा.

अवांतर_स्पेशालिस्ट
यावरून आठवलं, यंदा तुमच्या वाड्यावर नरकासुराचा पुतळा किती उंच? आमच्या पोरांनी आत्ताच वर्गणी मागायला सुरुवात केलीय, आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च नरकासुराहून जास्त आहे.

सत्तरीकर
धाग्यावर या. नरकासुराला भेट द्यायची नाहीये.

म्हापशेकर_शुक्रवार
तीनशेत वस्तूच हवी असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा. आतल्या बाजूला सुती टॉवेल, चादरी, मातीची भांडी, सगळं मिळतं. आम्ही गेल्या वर्षी मातीची कुंडलं घेतली होती, कालवण करायची, झाकणासकट. तीनशेत एक मोठं आणि एक छोटं आलं. सांभाळणाऱ्या मावशी पेडण्याच्याच होत्या, म्हणाल्या बाजारात जाऊन हे घ्यायचं मनात असतं, पण सहाला सुटल्यावर बाजार उठलेला असतो. बाजारात घासाघीस करायची तर सकाळी लवकर जा. दुपारी बाई कंटाळलेली असते, ती दोन रुपयेही सोडत नाही.

कारिटाचो_वेल
कुंडल्याची कल्पना आवडली. घरी नेताना बसमध्ये फुटणार नाही असं बांधून मात्र द्या. कदंबच्या गर्दीत मांडीवर मातीचं भांडं म्हणजे वेगळीच साधना.

पणजी_पूर्वाश्रमीची
"कोणता सण" यावर कोणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे मिश्र मंडळी आहेत. सुरुवातीला आम्ही ज्याच्या त्याच्या सणाला द्यायचो. ऐकायला छान, पण व्हायचं असं की चवथीला दोघींना मिळतं, तेव्हा बाकीच्या तिघी बघत बसतात. त्यांनाही त्यांच्या वेळी मिळणार आहे हे त्यांना कुठे ठाऊक? आणि ईदची तारीख चंद्रावर, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, आम्ही एकदा दोन दिवस उशिरा पोचलो.
मग पैसे सगळ्यांना एकाच दिवशी, दिवाळीच्या आधी. आणि ज्याच्या त्याच्या सणाला फक्त खाऊ किंवा फोन. दिवाळीला पोह्यांचा डबा, ईदला खजूर. नाताळला उलट व्हायचं, आंटीच आमच्या पोरीला कुलकुलं आणि नेवऱ्यांचं ताट द्यायची. रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून आम्ही त्यात काहीतरी घालायचो. शेवटी कोण कोणाला देतंय तेच कळेनासं झालं.

शांतादुर्गा_प्रसन्न
पोह्यांचा डबा छान. दुदांतले की रोसांतले (नारळाच्या रसातले)? ताकातले नको, बसमध्ये सांडतात.

पणजी_पूर्वाश्रमीची
तिखशे (तिखट) आणि गोडाचे. कोरडे असतात, दोन कप्प्यांत बसतात. पहाटे कारीट फोडून झाल्यावर पाच घरांचे पोहे तसे होतातच, एक डबा जास्त म्हणजे ओझं नाही.

बाप_माणूस
एक प्रश्न. पाकिटासोबत पोराच्या हाताचा ठसा असलेलं कार्ड देणं फार फिल्मी वाटतं का? बायको म्हणते दे. मला वाटतं त्यांनी ते ठेवायचं कुठे?

अबोलीचा_वळेसार
द्या. आमच्या खोलीच्या आतल्या दारावर अशी कार्डं चिकटवलेली होती, रंग उडेपर्यंत काढली नाहीत. पण त्यामागे चार ओळी तुमच्या लिहा, मुलाच्या तोंडच्या बनावट नकोत. "आमच्या आर्यनला आंघोळीची भीती होती ती तुमच्यामुळे गेली", असं काहीतरी खरं घडलेलं. आणि जमलं तर तेच मॅडमनाही कळवा, लेखी. माझा पगार एकदा वाढला तो अशा एका पत्रामुळे. मॅडमनी मला बोलावून दाखवलं होतं. ते तीनशे रुपयांत बसतं, नव्हे फुकटात.

आणि आणखी एक, कोणाला लागेल तर लागेल. सहाला मूल न्यायचं ठरलं असेल तर सहाला या. सव्वासहाला एक पोर राहिलं की एक बाई अडकते, तिची पेडण्याची बस सुटते, पुढची कधी येईल याचा नेम नाही, घरी तिचं स्वतःचं पोर शेजारणीकडे. दिवाळीला हजार रुपये देऊन रोज वीस मिनिटं उशिरा येणारे पालक मी पाहिलेत. त्यांच्या पाकिटाचं आम्हाला काय वाटायचं ते लिहीत नाही.

वेर्णा_शिफ्ट
लागलं. आजपासून पाच पन्नासला निघतो.

फोंडा_फास्ट
वेर्ण्याहून पाच पन्नासला निघालात तर झुआरी पुलाच्या अलीकडेच सात वाजतील.

वेर्णा_शिफ्ट
पाळणाघर कंपनीतच आहे हो, वर लिहिलंय. पाच पन्नासला खुर्चीतून निघतो. :)

कोरा_चहा
मी माझं आधीचं मत बदललं, पैसेच. पण कोऱ्या नोटा आणि वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट, तेवढी हौस राहू द्या.

सत्तरीकर
आमचा पोरगा अंगणवाडीत जातो, तिथे सेविका आणि मदतनीस दोघीच. सरकारी मानधनावर आहेत, रोख द्यायला आम्हाला बरं वाटेना, त्यांनाही अवघड. मग गावातल्या चार-पाच घरांनी मिळून अंगणवाडीलाच एक चांगला पंखा घेऊन दिला. बायका म्हणाल्या, हे आमचं पण झालं आणि पोरांचं पण. सगळ्यांना लागू होईलच असं नाही, फक्त सांगितलं.

मडगांवचो_पाव
जत्रेतलं खाजें कोणी का सुचवत नाही? गूळ, आलं, तीळ, बेसन. अंडं नाही, दूध नाही, वाटेत सांडत नाही, पुडा शंभराच्या आत येतो. आमच्याकडे तर पाहुण्यालाही तेच.

कारिटाचो_वेल
कारण दिवाळीला जत्रेचं खाजें मिळालं तर लोक विचारतात, कोणत्या जत्रेतलं उरलंय?

मडगांवचो_पाव
तेही खरं.

पर्वरीची_आई
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते लिहिते. पाचही जणींना सारखंच, अडीचशे रुपये आणि वर एक, पाकिटात, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. एकेकीला वेगळं गाठून, कारण आमच्याकडे डबा-बिबा नाही आणि मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या तुम्हीच द्या. उरलेल्या पैशांत हातांच्या क्रीमची एक मोठी बाटली, बेसिनपाशी ठेवायला. आंटीला नाताळात दोदोल घरूनच नेईन, सासूबाई करतात, त्याचा वेगळा खर्च नाही. ईदचं लक्षात ठेवायला फोनात गजर लावलाय. कार्डामागे काय लिहायचं त्यावर मात्र नवरा-बायकोत वाद चालू आहे. त्याला झोपण्याबद्दल लिहायचंय, मला बेळगावच्या बाईंनी लेकीला शिकवलेल्या कानडी गाण्याबद्दल. ती घरी ते दिवसभर म्हणते, आम्हाला एक अक्षर कळत नाही.
गेल्या आठवड्यात दोनदा मी सहा वाजून गेल्यावर पोचले होते, म्हणून यांना सांगितलंय की मंगळवार-गुरुवार तुझे.

हिशेबनीस
२५१ गुणिले पाच, १२५५. क्रीमला २४५ उरले. बसतंय.

शांतादुर्गा_प्रसन्न
दोन्ही लिहा की. कार्डाला मागची बाजू पूर्ण आहे.

बाप_माणूस
हे सगळं झालं, पण व्हॅनवाल्या काकांचं काय? आमचे रोज दोन्ही वेळा नेतात-आणतात, आणि त्यांना सगळे विसरतात.

दोडामार्ग_लाल_डबा
त्यांना विचारूनच घ्या. आमच्या काकांना विचारलं तर म्हणाले, भेट नको, फक्त पोरांच्या हातात गाडीत कुरकुरीत काही देऊ नका. मागच्या सीटच्या फटीतून चुरा काढायला त्यांना रविवार लागतो. आम्ही पाकीट दिलंच, आणि खाऊही बंद केला. आता पोरं काकांवर रुसलीत.